टेकड्यांवरील बांधकामबंदीने महापालिकेचे उत्पन्न खरोखर बुडते का?

आपण पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी राहता. प्रभागातील एका बैठकीत आपल्याला असे सांगण्यात आले की, जैवविविधता उद्यानाच्या म्हणजेच बीडीपीच्या आरक्षणामुळे महापालिकेचे शेकडो कोटींचे उत्पन्न बुडते, त्याऐवजी १० टक्के बांधकामाला परवानगी दिली तर तिजोरीत भर पडेल आणि त्याच पैशांतून उरलेली टेकडी राखता येईल. हे खरे आहे का, असे आपण विचारले आहे. अमेरिकेतील कित्येक शहरे डोंगरउतारांवर कडक निर्बंध घालूनही श्रीमंत कशी राहतात, हीही शंका आपण जोडली आहे. मी नगररचनाकार म्हणून २८ वर्षे काम केले असून त्यातील बराच काळ विकास आराखड्यांच्या अंमलबजावणीला लागणाऱ्या पैशांचे हिशेब मांडण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की प्रश्न बंदीमुळे किती पैसे बुडतात असा विचारला की उत्तर चुकतेच. बंदी घातली, पण जमिनीच्या मालकाचे देणे वर्षानुवर्षे लांबणीवर टाकले, तर त्याची किंमत कोण आणि कधी मोजतो, असे विचारले पाहिजे.

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. पुण्यात टेकड्यांवरचे निर्बंध एकाच प्रकारचे नाहीत. १९८७ मध्ये मंजूर झालेल्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यात डोंगरमाथा-डोंगरउतार असा विभाग आहे आणि तिथे ०.०४ चटईक्षेत्र, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राच्या ‘चार टक्के’ बांधकाम, अटींसह चालते. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांमधील टेकड्यांवर मात्र बीडीपीचे आरक्षण पडले आणि ते क्षेत्र सुमारे ९७५ हेक्टर आहे. विभागातील जमीन मालकाकडेच राहते, तर आरक्षणातील जमीन महापालिकेने ताब्यात घेणे अपेक्षित असते. पैशांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे आणि बैठकांमध्ये नेमका तोच गाळला जातो. याशिवाय १:५ पेक्षा (पाच मीटर अंतरात एक मीटर चढ) अधिक तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम सगळीकडेच आहे. तो सुरक्षिततेसाठी आहे आणि त्याची तुलना उत्पन्नाशी करता कामा नये.

आता आपल्याला सांगितलेले ‘शेकडो कोटी’ तपासू. ९७५ हेक्टरांवर १० टक्के बांधकाम म्हणजे ९ लाख ७५ हजार चौरस मीटर. एक सदनिका सरासरी ७५ चौरस मीटरची धरली तर १३,००० सदनिका होतात. प्रत्येकीचा मिळकतकर वर्षाला १५,००० रुपये धरा. ही रक्कम मी केवळ हिशेबासाठी घेतली आहे, आपल्या भागातील बिलावरून ती बदलून पाहावी. वर्षाचे उत्पन्न येते साडेएकोणीस कोटी रुपये. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते, म्हणजे हे उत्पन्न त्याच्या पाव टक्क्यालाही पोहोचत नाही. कर २५,००० रुपये धरला तरी जेमतेम पाव टक्का गाठला जातो. बाकीचे जे मोठे आकडे आपल्यापुढे ठेवले गेले असतील ते एकरकमी उत्पन्नाचे असणार: विकास शुल्क, अतिरिक्त चटईक्षेत्रासाठी विकसकाने भरायचे अधिमूल्य आणि खरेदीखताच्या वेळी मुद्रांक शुल्कावर मिळणारा १ टक्का अधिभार. चौरस मीटरला सगळे मिळून ४,००० रुपये गृहीत धरले तर ३९० कोटी रुपये येतील, पण ते एकदाच येतील आणि बांधकामे जितकी वर्षे चालतील तितक्या वर्षांत विभागले जातील. घर मात्र त्यानंतर साठ वर्षे उभे राहते, आणि त्याला पाणी, रस्ता, कचरागाडी व दिवाबत्ती साठ वर्षे द्यावी लागते. एकरकमी आलेला पैसा दरवर्षीचे उत्पन्न समजून खर्च करणे ही आपल्या नगरपालिकांची सर्वांत जुनी खोड आहे.

यात जकात गेल्यापासून एक बदल झाला आहे आणि तो अनेक नगरसेवकांच्याही लक्षात येत नाही. जकात असताना शहरात एक कुटुंब राहायला आले, की त्याच्या धान्यापासून फर्निचरपर्यंत प्रत्येक वस्तूवर महापालिकेला काहीतरी मिळे. वस्ती वाढली की उत्पन्न आपोआप वाढे. २०१३ मध्ये जकातीच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला आणि जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते आणि तिचा हिशेब २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून दरवर्षी ८ टक्के वाढीने होतो. शहरात १३,००० घरे वाढली म्हणून या भरपाईत एका रुपयाचीही भर पडत नाही. त्यामुळे नवीन घरांकडून दरवर्षी येणारे पैसे म्हणजे जवळजवळ केवळ मिळकतकर आणि पाणीपट्टी. ‘वस्ती वाढली की तिजोरी भरते’ हा समज जकातीच्या काळातला आहे आणि तो आज तसाच वापरणे घातक आहे.

खर्चाची बाजू मांडताना टेकडीप्रेमी मंडळीही एक चूक करतात, तीही सांगितली पाहिजे. उंचावर पाणी चढवण्याच्या विजेने महापालिका बुडेल, असे अनेकदा म्हटले जाते. मी हा हिशेब करून पाहिला आहे. १,००० घरांना माणशी १३५ लिटरप्रमाणे रोज सुमारे सहा लाख लिटर पाणी लागते. ते ६० मीटर उंच चढवायला, पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर, रोज साधारण १५० युनिट वीज लागेल. म्हणजे घरामागे वर्षाला ५०० रुपयांच्या आसपास. हा खर्च कोणीही सोसू शकतो. खरा खर्च त्या उंचीसाठी लागणाऱ्या वेगळ्या टाकीचा, वेगळ्या दाबाच्या वाहिन्यांचा, वळणावळणाने चढणाऱ्या रस्त्याचा आणि संरक्षक भिंतींचा आहे. डोंगरावर घरे विरळ असतात, त्यामुळे दर घरामागे रस्त्याची आणि नळाची लांबी सपाटीवरच्यापेक्षा कितीतरी अधिक येते, आणि त्यांची देखभाल कायमची महापालिकेच्या गळ्यात पडते.

पश्चिम महाराष्ट्रातील एका नगरपरिषदेत मी हे जवळून पाहिले आहे. गावालगतच्या उतारावर एका विकसकाने मुरूम कापून पायऱ्यांसारखे प्लॉट पाडले होते. विकास शुल्क भरले गेले, परिषदेने ते त्या वर्षीच्या थकलेल्या देण्यांत वापरून टाकले आणि दोन वर्षांनी अंतर्गत रस्ते परिषदेकडे हस्तांतरित झाले. तिसऱ्या पावसाळ्यात संरक्षक भिंतीला पोट आले. मी पाहायला गेलो तेव्हा भिंतीतील पाणी बाहेर पडण्याची छिद्रे प्लास्टर मारून बुजवलेली होती, कारण त्यांतून येणाऱ्या गढूळ पाण्याने खालच्या बंगल्याचे अंगण खराब होत होते. महिनाभरात भिंत रस्त्यासह खाली आली. सुदैवाने कोणी दगावले नाही. ती भिंत पुन्हा बांधायला जे पैसे लागले ते परिषदेच्या सार्वजनिक बांधकामाच्या वर्षभराच्या तरतुदीतून गेले, आणि त्या वर्षी गावातील एकही गटार दुरुस्त झाले नाही. विकास शुल्काच्या नोंदवहीत जमेची एक ओळ होती. भिंत, गाळ काढणे, पाण्याची वाहिनी बदलणे हे खर्च मात्र चार वेगवेगळ्या लेखाशीर्षांत विखुरलेले होते. दोन्ही बाजू एका कागदावर कोणीच कधी मांडल्या नव्हत्या.

पावसाच्या पाण्याचा हिशेब तर याहूनही सरळ आहे. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी होते. गवत-झुडपांच्या टेकडीवरून त्यातील तिसरा हिस्सा वाहिला आणि छपरे, डांबर व काँक्रीट आल्यावर तो ऐंशी टक्क्यांपर्यंत गेला, तर प्रत्येक हेक्टरामागे साडेचार लाख लिटरांहून अधिक जादा पाणी ओढ्यात उतरते. १० टक्के बांधकाम दिले म्हणजे जमिनीचा फक्त दहावा हिस्सा झाकला जातो असेही नाही, कारण रस्ते, पार्किंग आणि सपाट केलेली अंगणे त्या टक्केवारीत धरली जात नाहीत. कात्रजच्या डोंगरांकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केले, ते पुणेकरांना आठवत असेलच. त्याआधी जून २०१३ मध्ये कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात माय-लेकी वाहून गेल्या होत्या. जिवांची किंमत मी अंदाजपत्रकात मांडणार नाही. मात्र पुरानंतरच्या सीमाभिंती, पूल, कल्व्हर्ट आणि पंचनामे यांचा खर्च पायथ्याशी होतो आणि उत्पन्न माथ्यावरच्या परवानगीत दाखवले जाते, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

बंदीमुळे घर बांधलेच जात नाही, असेही नसते; ते दुसरीकडे बांधले जाते. ते महापालिकेच्या हद्दीतच सपाटीवर उभे राहिले तर शुल्क आणि कर दोन्ही तिलाच मिळतात, त्यामुळे उत्पन्न बुडाले असे म्हणता येत नाही. ते हद्दीबाहेर गेले तर उत्पन्न खरोखर जाते आणि त्या कुटुंबाची रोजची वाहतूक मात्र शहराच्या रस्त्यावर येते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुण्यात समाविष्ट झाल्याने हद्द इतकी पसरली आहे, की आज पहिली शक्यता अधिक आहे. हद्द लहान असलेल्या नगरपरिषदेला हेच उत्तर लागू पडणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बीडीपीच्या जमिनीत सरकारी जमीन आहे तशी खाजगीही बरीच आहे, आणि ती ताब्यात घ्यायची तर मोबदला द्यावा लागेल. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारमूल्य आणि तितकीच दिलासा रक्कम, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट द्यावे लागते. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा दर चौरस मीटरला ५,००० रुपये असता तर एका हेक्टरला १० कोटी रुपये झाले असते. सगळे ९७५ हेक्टर खाजगी मानले तर ९,७५० कोटी, आणि निम्मेच मानले तरी पावणेपाच हजार कोटींहून अधिक. कोणतीही महापालिका एवढी रोख रक्कम उभी करू शकत नाही. १० टक्के बांधकामाच्या मागणीत जे काही आर्थिक तथ्य आहे ते इथे आहे: परवानगी दिली की हे देणे संपते. साडेएकोणीस कोटींच्या कराचे निमित्त पुढे केले जाते, पण प्रत्यक्ष वजन या देण्याचे आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केल्याशिवाय टेकड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही पुढे जाता येणार नाही.

रोख नको म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने बीडीपीच्या जमिनीसाठी ८ टक्के टीडीआर ठरवला. टीडीआर म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. इतर आरक्षणांना २०१६ च्या धोरणानंतर दाट वस्तीबाहेर जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो. म्हणजे एका हेक्टर शाळेच्या आरक्षणाला २०,००० चौरस मीटर, आणि एका हेक्टर टेकडीला ८००. शिवाय टीडीआर वापरताना तो देणाऱ्या आणि घेणाऱ्या जागेच्या दरांचे गुणोत्तर लावले जाते. हे सर्वसाधारण सूत्र लावले तर ५,००० रुपये दराच्या टेकडीचा ८०० चौरस मीटर टीडीआर ५०,००० रुपये दराच्या भागात केवळ ८० चौरस मीटर उरतो. एक हेक्टर जमीन देऊन एका सदनिकेएवढे क्षेत्र. रकमेत पाहिले तर सुमारे ४० लाख, आणि रोख मोबदला ठरला असता तर १० कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जमिनी स्वेच्छेने महापालिकेकडे का येत नाहीत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

टीडीआर वाढवून द्यावा तर तोही फुकट नसतो, हे मात्र टेकडीच्या मालकांनीही समजून घ्यावे. टीडीआर म्हणजे छापलेली नोट आहे. विकसकाला जादा चटईक्षेत्र दोन वाटांनी मिळते: महापालिकेला अधिमूल्य भरून, किंवा बाजारातून टीडीआर घेऊन. बाजारात टीडीआरचा पूर आला की विकसक तो स्वस्तात घेतो आणि अधिमूल्याचे रोख उत्पन्न त्या प्रमाणात घटते. ९७५ हेक्टरांना दुप्पट टीडीआर दिला तर कागदोपत्री १ कोटी ९५ लाख चौरस मीटर टीडीआर तयार होईल. तो जिथे वापरला जाईल तिथल्या मैलावाहिन्या आणि रस्ते त्या भाराने वाकतील, आणि आज ज्यांच्या हाती टीडीआर आहे त्यांचाही भाव कोसळेल.

मग काहीच न करणे हा सर्वांत स्वस्त पर्याय वाटू लागतो, आणि तोच सर्वांत महाग पडतो. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. तोवर रेडीरेकनर वाढत राहतो, म्हणजे न दिलेले देणे व्याजाविनाही फुगत राहते. दुसरीकडे जो लहान मालक कोर्टात जाऊ शकत नाही तो एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकतो. रात्री जेसीबी लागतो, खाली राडारोडा टाकून उतार सपाट केला जातो आणि वर्षभरात पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो. या घरांकडून विकास शुल्क येत नाही, अधिमूल्य येत नाही. अनधिकृत म्हणून तिप्पट कर लावला तर त्याची थकबाकी कागदावर वाढते, वसुली होत नाही. टँकर मात्र द्यावाच लागतो, कारण तिथे माणसे राहत असतात. माझ्या मते टेकडीवरील सर्वांत तोट्याची वस्ती हीच आहे, आणि ती बंदीमुळे नव्हे तर अर्धवट बंदीमुळे उभी राहते.

अमेरिकेबद्दल थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट शहरात, जिथे आज बरीच मराठी कुटुंबे राहतात, मतदारांनी १९८१ मध्येच डोंगरावरील बांधकामावर मर्यादा घातल्या. निर्बंधांमुळे घरे महाग झाली की तिथे घराच्या विक्रीच्या वेळी कराचे मूल्य नव्या किमतीवर येते. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ ने कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणि वार्षिक वाढ २ टक्क्यांवर बांधली आहे, त्यामुळे जुना रहिवासी कमी आणि नवा रहिवासी जास्त भरतो, पण चढलेल्या किमतीचा काही भाग तरी सार्वजनिक तिजोरीत येतो. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, तिथेही हा दुवा काही प्रमाणात आहे. पुण्यात कर वार्षिक करपात्र मूल्यावर, म्हणजे अपेक्षित भाड्यावर असल्याने आपल्या सोसायटीतील सदनिका टेकडीच्या शेजारामुळे दुप्पट किमतीला विकली गेली, तरी मिळकतकर जिथल्या तिथे राहतो. टेकडी मोकळी राहिल्याचा फायदा आपल्यासारख्या पायथ्याच्या रहिवाशांना मिळतो आणि त्याची किंमत वरचा जमीनमालक मोजतो. ही गोष्ट ऐकायला बरी वाटत नाही, पण माझ्या मते सगळ्या वादाच्या मुळाशी हाच अन्याय आहे.

म्हणून माझा कल असा आहे. उतार १:५ पेक्षा तीव्र आहे तिथे चर्चाच नको. उरलेल्या खाजगी जमिनीसाठी ८ टक्के पुरेसे नाहीत आणि दुप्पट झेपणारे नाही. यांच्या मधला दर ठरवावा, त्याला रेडीरेकनरचे गुणोत्तर लावू नये आणि तो दरवर्षी ठरावीक हेक्टरांपुरताच खुला करावा, म्हणजे बाजार बुडणार नाही. सर्वांत लहान मालकांना, ज्यांना टीडीआर विकण्याइतका धीर धरता येत नाही, त्यांना रोख द्यावे. त्यासाठी पायथ्याच्या ठरावीक पट्ट्यातील नवीन बांधकामांच्या अधिमूल्यातून वेगळा निधी राखून ठेवावा आणि तो सर्वसाधारण निधीत मिसळू देऊ नये. आपली परिस्थिती यापेक्षा वेगळी असू शकते: आपल्या टेकडीवर खाजगी मालकी नगण्य असेल तर मोबदल्याचा प्रश्न जवळजवळ नाही, आणि ती आधीच घरांनी भरली असेल तर संपादनापेक्षा ओढ्याचे पात्र आणि पुनर्वसन यांवर पैसा लावणे शहाणपणाचे ठरेल.

हे ठरवण्यासाठी पुढच्या बैठकीआधी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: आपल्या टेकडीवरील गटांची मालकीनिहाय यादी क्षेत्रासह, आजवर टीडीआर देऊन ताब्यात आलेल्या जमिनीचे हेक्टर, आणि कलम १२७ खाली आलेल्या नोटिसांची संख्या तारखांसह. तिसरी यादी आधी वाचा, कारण २४ महिन्यांची मुदत कोणत्या गटाची केव्हा संपते हे तिच्यातच कळेल.